सात नंबरचा खडा

मुलुंड पूर्व
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

मधू,

काल तू बाबांना फोनवर विचारलंस, तो खडा अजून आहे का. मी स्वयंपाकघरात होते. दर रविवारी पाच वाजता मी स्वयंपाकघरातच असते. बाबा दर वेळी "आई जरा कामात आहे" म्हणतात आणि तू तिकडून "हं" म्हणतेस. काल त्यांनी फोन नेहमीसारखा कानाला न लावता टेबलावर उभा करून ठेवला होता, म्हणून मला ऐकू आलं.

उत्तर असं की आहे. कपाटात आहे, सुरक्षित आहे.

एवढाच निरोप बाबांनीही दिला असता. पण प्रश्न माझ्याकडच्या वस्तूचा होता आणि तू तो मला विचारला नाहीस, म्हणून उत्तर मी स्वतः देते. कागदावर देते, कारण फोनवर तू "हं" म्हटलंस की मला पुढचं सुचत नाही. स्पीड पोस्टाने जर्मनीला बारा दिवस लागतात असं खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. सव्वादोन वर्षांत बारा दिवस काही जास्त नाहीत.

तुला तो आता का हवाय ते बाबांना नीट सांगता आलं नाही. मला समजलं ते असं, की ज्या यंत्रात ती हिऱ्याची पाटी वाढवली होती ते यंत्र मोडीत निघालं. पाटीचे नऊ तुकडे केले होते. त्यातले आठ वापरून संपले किंवा तडकले, आणि तसा शुद्ध हिरा पुन्हा मिळत नाही. राहिला तो सातवा, माझ्याकडचा. हे चुकीचं असेल तर दुरुस्त कर. बाबांना बँकेतलं सगळं कळायचं. प्रयोगशाळेतलं त्यांच्याकडून माझ्यापर्यंत येईस्तोवर त्याचं काहीच्या काही होतं.

त्या दिवाळीबद्दल आपलं बोलणं कधी झालंच नाही. तू गेलीस. माझी बाजू एकदा लिहून ठेवते.

तुझ्या संशोधन संस्थेला सुट्टी लागली म्हणून तू खड्याची डबी घरी आणलीस. आठ दिवसांनी तू सहा आठवड्यांसाठी जर्मनीला जाणार होतीस, तो खडा तिथल्या यंत्राखाली ठेवायला. डबी तुझ्या टेबलावर होती. मी टेबल आवरत होते. आत दोन मिलिमीटरचा चौकोनी, चपटा तुकडा. यंत्रातला हिरा, हे मला नुसत्या डोळ्यांनी कळलं. वर पिवळट रेघा होत्या. मला वाटलं, काम झालेला, टाकाऊ तुकडा असेल. मी तो धनत्रयोदशीला घाटकोपरला सहदेवच्या गाळ्यावर नेला आणि त्याच्याकडून साफ करून पैलू पाडून घेतला. तुला जाताना द्यायला चमकी करावी, एवढाच विचार होता. तुझ्यासाठी तो किती मोलाचा आहे ते मला माहीत असतं तर मी हात लावला नसता.

झालं ते असं झालं.

आता तो कशाला लागणार आहे तेही कळव. पैलू पाडलेल्या खड्याचा तुला काय उपयोग ते मला समजत नाही. त्यातलं जे होतं ते गेलं असं तूच बाबांना म्हणाली होतीस.

थंडीचं कानाला बांधतेस ना.

आई


मुलुंड पूर्व
शनिवार, १ मार्च २०२५

मधू,

तुझी ईमेल बाबांनी छापून आणली. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून, दोन प्रती. एक त्यांनी स्वतःच्या फाइलला लावली.

सातही सूचना वाचल्या. खड्याला बोट लावू नये, कापसात गुंडाळू नये, स्पिरिटने पुसू नये, चिमटा प्लास्टिकचा असावा, वगैरे. मी एकतीस वर्षं अंधेरीला हिरे पारखले, तरी सात सूचना देण्याचा अधिकार तुला आहे, हे मान्य. मात्र सातांपैकी प्रत्येकीत "कृपया" आहे. आईला कृपया म्हणायला कधीपासून लागलीस?

आठवी ओळ सूचना नव्हती. "आई, डबीवरची चिठ्ठी तू तेव्हा वाचली होतीस का?"

ही ओळ मी चार दिवस बाजूला ठेवली. मागच्या पत्रात मी लिहिलं की मला टाकाऊ वाटला. तू ते वाचूनच विचारलंस, हे उघड आहे.

वाचली होती. "नमुना ७. साफ करू नये. पृष्ठभागाला स्पर्श करू नये." इंग्रजीत, तुझ्या अक्षरात, लाल शाईने. मी बी.एस्सी. आहे गं. मला वाचता येतं.

मग का केलं? तर ऐक. आमच्या धंद्यात एक नियम आहे. दहापट दाखवणारं भिंग, आम्ही आयग्लास म्हणायचो ते, डोळ्याला लावायचं. त्यातून जी खोट दिसते ती खोट. जी दिसत नाही ती नाही. वीसपट बघितलं तर जगातल्या प्रत्येक खड्यात काहीतरी सापडेल, मग धंदाच चालणार नाही, म्हणून दहापट. हा नियम मी एकतीस वर्षं पाळला आणि तीसेक मुलींना शिकवला. तुझा खडा मी दहापटीत बघितला. आत काही नव्हतं. पाण्यासारखा साफ. वर तेवढ्या सोन्याच्या बारीक रेघा आणि एक कोपरा किंचित उडालेला. मी मनात म्हटलं, ही शिकलेली माणसं, पण खडा कसा ठेवावा हे यांना माहीत नाही.

त्या रेघा तुम्ही मुद्दाम छापल्या होत्या, लहरी पोचवायला, हे तू नंतर बाबांना सांगितलंस तेव्हा मला कळलं. आणि जे होतं ते पृष्ठभागाच्या अगदी खालीच होतं, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढ्या खोलीवर. सहदेवने आधी तेजाबात उकळला, मग चाकावर धरला. पहिल्या मिनिटातच तुझं अकरा महिन्यांचं काम गेलं असणार.

अजून एक लिहिते, कारण ते तुला माहीत नाही. आमच्या खात्यात एक खडा दोघी बघायच्या. पहिलीने शेरा लिहून कागद उलटा ठेवायचा. दुसरीने तो न बघता स्वतःचा लिहायचा. जुळले नाहीत तर तिसरी. मी प्रमुख झाले तरी माझ्या एकटीच्या शेऱ्यावर हिऱ्यांची एकही पुडी बाहेर गेली नाही. मी जाऊ दिली नसती. मैत्रिणी म्हणायच्या, मृणालिनी, तू स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवत नाहीस. मी म्हणायचे, स्वतःवर तर मुळीच नाही.

त्या दिवशी मी एकटीने बघितलं आणि एकटीने ठरवलं. नोकरीत कधी केलं नाही ते घरी केलं. तू पलीकडच्या खोलीत झोपली होतीस. उठवून विचारायला दहा पावलं होती.

तुझ्याबरोबर काम करणारा तो श्रेयस खडा न्यायला मुंबईत कधी येणार ते कळव. खडा कपाटातून काढून ठेवते.

आई


मुलुंड पूर्व
शुक्रवार, १४ मार्च २०२५

मधू,

आज धुळवड. खाली सोसायटीत पोरं ओरडताहेत, बाबा गॅलरीतून पाण्याच्या टाकीकडे लक्ष ठेवून आहेत. मी दार लावून लिहिते आहे.

तुझं पत्र आलं. ईमेल नाही, पत्र. पाकिटावरचं अक्षर बघून बाबांनी ते मला न उघडता दिलं आणि आंघोळीला गेले. त्यांची आंघोळ आधीच झाली होती.

तू लिहिलंस की मी खोटं बोलले म्हणून नाही, खरं सांगितलं म्हणून तुला रडू आलं. पुढचं सांगते.

खडा कपाटात नाही. कधीच नव्हता.

त्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी मी ती चमकी तुझ्या पाटाशी ठेवली, आठवतं? चारी कडांना पैलू पाडलेला, सोन्याच्या बारीक कोंदणात. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला तू मला न सांगता नाक टोचून आलीस तेव्हा मी चार दिवस बोलले नव्हते. ती चमकी म्हणजे त्या चार दिवसांबद्दल माझ्याकडून होती. तू ती हातात घेतलीस, उजेडात धरलीस आणि तुझा चेहरा उतरला. आत जाऊन डबी उघडून बघितलीस. परत येऊन म्हणालीस, "आई, तू मला विचारलं का नाहीस?"

तेव्हा मी जे म्हटलं ते मी इथे लिहिते, म्हणजे तुला पुन्हा आठवायला नको आणि मला विसरता येऊ नये. मी म्हटलं, "त्यात विचारायचं काय होतं? घाण होती, काढली."

तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर मी पण ओरडले असते आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. आपल्या घराची ती पद्धत आहे. तू चमकी माझ्यासमोर ठेवलीस आणि म्हणालीस, "तूच घाल." मग तीन दिवस तू जेवलीस, बॅग भरलीस, बाबांशी बोललीस, आणि शनिवारी गेलीस. सहा आठवड्यांची सव्वादोन वर्षं झाली.

तू विमानात बसलीस त्या दिवशी मी माझी जुनी मोत्याची काढली आणि ती घातली. तूच घाल म्हणालीस; मी घातली. तुझं ऐकलं नाही असं यापुढे म्हणू नकोस.

तेव्हापासून ती नाकातच आहे. एक दिवसही काढलेली नाही. आंघोळीचा साबण, फोडणीचा धूर, दोन मोठ्या सर्द्या, शिवाय दर हिवाळ्यात मी नाकाला खोबरेल लावते. हे सगळं त्या खड्यावर गेलेलं आहे. तुझ्या सात सूचनांमध्ये यातलं एकही बसत नाही. यामुळे काही बिघडणार असेल तर मला आत्ताच सांग, मी श्रेयसची वाट बघत बसणार नाही.

हे मी आणखी लपवणार होते. श्रेयस यायच्या आधी गुपचूप काढून डबीत ठेवायचं ठरवलं होतं. पण परवा तुझे बाबा चहा पिता पिता म्हणाले, "मृणाल, पोरीला सांगून टाक. नाहीतर तो मुलगा दारात उभा राहील आणि तू त्याला नाक देणार आहेस का?" म्हणजे त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं की मी घातलेला खडा कोणता आहे. मला वाटायचं, या माणसाला माझ्या नाकात काय आहे ते दिसतच नाही. असो.

आता मूळ गोष्ट. टाकाऊ वाटला हे खोटं. घाण वाटली हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

तू दहावीनंतर जे शिकत गेलीस त्यातलं मला फार थोडं कळत गेलं. आधी कळायचं, मग ऐकून मान हलवायचे, मग मान हलवणंही बंद केलं. आणि मग तू हिऱ्यावर काम करायला लागलीस. हिरा. मधू, मला इतका आनंद झाला होता. तो यंत्रातला होता आणि यंत्रातल्या हिऱ्यांनी माझ्या खात्यातल्या निम्म्या मुली घरी बसल्या, म्हणून मी तोंडावर नाक मुरडलं. पण मनात म्हटलं, आता ही मला काहीतरी विचारेल. दोन वर्षं तू काही विचारलं नाहीस. विचारण्यासारखं नव्हतंच, हे आता कळतं. तेव्हा वाटलं, विचारत नाही तर आपणच करून दाखवू. तुझ्या कामाला माझा हात लागावा असं मला वाटलं. लागला.

मी चुकले.

हे वाक्य मी आधी वहीत तीनदा लिहून बघितलं. सोपं आहे. उगीच इतके दिवस लावले.

आई


मुलुंड पूर्व
रविवार, ३० मार्च २०२५, गुढीपाडवा

मधू,

खडा गेला. म्हणजे श्रेयसबरोबर गेला, हरवला नाही. क्रमाने सांगते.

बुधवारी मी सहदेवला बोलावलं. कोंदणातून खडा काढायला हात त्याचाच हवा, दुसऱ्या कुणाला मी नाक देणार नव्हते. तो भटवाडीहून मालनला घेऊन आला. त्याची बायको सोबत असली की मी कमी बोलते असा त्याचा समज आहे. पेटी उघडायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, ह्या खड्याक मी परत हात लावूचंय नाय."

मी विचारलं, का.

"तेव्हा तुमी माका कायच सांगलास नाय. पोरीचा आहे म्हणालात, परीक्षेचा आहे म्हणालात नाय. नंतर साहेबांकडसून कळला. दोन रात्री जेवलंय नाय मी."

मधू, मला हे ठाऊकच नव्हतं. बाबांनी त्याला कधी सांगितलं, का सांगितलं, काही माहीत नाही. एवढी वर्षं मी त्याच्या गाळ्यावर जात होते, तो चहा पाजत होता, आणि ही गोष्ट आमच्या दोघांच्या मध्ये बसलेली होती. त्याचा बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर सहदेव चौदाव्या वर्षी चाकावर बसला. आजवर त्याच्या हातून एक खडा फुटलेला नाही. त्याचा अभिमान मी त्याला न सांगता वापरला. मी त्याला म्हटलं, चूक तुझी नाही, माझी आहे, आणि हे मी पोरीला लिहून कळवलंय. त्याने पेटी उचलून मांडीवर घेतली. मालन म्हणाली, "आता बाईंनी लिहूनच दिलाय तर बसलंस काय? काढ तो खडो." मग त्याने काढला.

प्लास्टिकच्या चिमट्याने, पातळ हातमोजे घालून. तुझ्या सूचना मी त्याला मोठ्याने वाचून दाखवल्या, कृपया सोडून. कोंदणाची कड उचलायला त्याला पाऊण तास लागला. खड्यावर दाब नको म्हणून त्याने सोनं कापलं. रिकामं कोंदण वाकडं झालं, ते मी ठेवून घेतलंय. नाकही रिकामं आहे. मालन म्हणाली, या वयात भोक चार दिवसांत बुजतं, बघा.

आज सकाळी श्रेयस आला. संस्थेचं पत्र, विमानतळावर दाखवायचे कागद, सगळं व्यवस्थित घेऊन. मुलगा बरा आहे. मोजे न काढता घरात आला, पण बरा आहे. बाबांनी त्याला आधी गुढीचा कडुनिंब खायला लावला, मग श्रीखंड-पुरी.

मी त्याला म्हटलं, मला समजावून सांग. बाबांना नको, मला. तो म्हणाला, काकू, थोडं किचकट आहे. मी म्हटलं, मला नायट्रोजन कुठे असतो ते माहीत आहे, पुढे बोल.

त्याने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवलं. कार्बनच्या जाळ्यात एक कार्बन जागेवर नाही. जागा रिकामी. तिच्या शेजारी कार्बनऐवजी नायट्रोजन बसलेला. त्या रिकाम्या जागेत एक इवलासा चुंबक असल्यासारखं काहीतरी असतं, त्याला तुम्ही स्पिन म्हणता. हिरवा प्रकाश टाकला की ती जागा लाल चमकते. जास्त चमकली तर तो चुंबक एका दिशेला, कमी चमकली तर दुसऱ्या. लहरींनी तो फिरवता येतो. आणि थोडा वेळ तो दोन्ही दिशांना एकदम असू शकतो, यावरच तुमचा नवा संगणक उभा राहायचा आहे. पण आजूबाजूच्या गडबडीने तो ते विसरून जातो. तो किती वेळ लक्षात ठेवतो, सगळी मारामारी त्यासाठी.

मी म्हटलं, "आमच्याकडे याला खोट म्हणतात."

"आमच्याकडेपण खोटच म्हणतात, काकू. तुम्ही ती काढून टाकायला शोधता, आम्ही तिच्यात राहायला जातो." मग तिसऱ्यांदा श्रीखंड घेतलं.

मी सरळ विचारलं, पैलू पाडलेल्या खड्यात आता तुम्हाला काय मिळणार. तो म्हणाला, वर तुमच्या प्रयोगशाळेत जे रोवलं होतं ते सगळं गेलं, त्यात शंका नाही. पण हिरा वाढताना आपोआप पडलेल्या अशा जागा खोलवर एखाद-दुसऱ्या असू शकतात. तेव्हा त्या कुणी शोधल्या नाहीत, कारण वरच्या हाताशी होत्या. "पण असेलच असं नाही. मधुवंतीला हे शेवटचं करून बघायचंय. नाही सापडलं तर तिचा हा भाग प्रबंधातून काढावा लागेल. आठ तुकड्यांवरचं काम अर्धवट राहील."

हे तू मला लिहिलं नाहीस. तू लिहिलंस, "एकदा बघायचं आहे." मी तुझी आई आहे, काय लपवलंय ते मला ओळखू यायला हवं होतं. तुला ही लपवायची सवय कुठून आली ते मला माहीत आहे.

डबी त्याच्या हातात देताना मी त्याला दहा मिनिटं थांबवलं. आयग्लास काढलं आणि खडा शेवटचा बघितला. डोळा आता पूर्वीचा राहिला नाही, पण हात स्थिर होता. आत काही दिसलं नाही. पाण्यासारखा साफ.

या वेळी मी शेरा दिला नाही.

आई


मुलुंड पूर्व
सोमवार, १६ जून २०२५

मधू,

कालच्या फोननंतर पत्राची गरज नाही असं बाबा म्हणतात. त्यांना काय कळतंय.

काल पाच वाजता मी स्वयंपाकघरात होते. बाबांनी फोन घेतला, ऐकला आणि आत येऊन गॅस बंद केला. दूध होतं. म्हणाले, "तुझ्यासाठी आहे." मी म्हटलं, दूध आता वर येणार होतं, मधू आणखी दोन मिनिटं थांबली असती तर काय बिघडलं असतं. ते फोन तसाच धरून उभे राहिले. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला असं कधी अडवलेलं नाही.

तू नमस्कार वगैरे काही न म्हणता फोन तुझ्या समोरच्या पडद्याकडे वळवलास. सगळं काळं होतं. तू म्हणालीस, "आई, काय दिसतंय सांग. माझं मत मी लिहून उलटं ठेवलंय. आधी तू सांग."

मधू, तू माझी ती पद्धत लक्षात ठेवलीस. एका पत्रात एकदाच लिहिलं होतं.

मी चष्मा शोधला. बाबांनी तो माझ्या डोक्यावरून काढून दिला. मी नीट बघितलं. मधोमध एक लाल ठिपका होता, अगदी लहान, पण कडा स्वच्छ. तेवढं मी सांगितलं. मग तू विचारलंस, अजून काही? वर डावीकडे एक पुसट डाग होता. माझ्या जिभेवर शब्द आला होता. एकतीस वर्षांची सवय, शब्द आपोआप येतो. मी तो गिळला. म्हटलं, "डावीकडचं काय आहे ते मला माहीत नाही."

तू कागद उलटा करून पडद्यासमोर धरलास. "मधला एक खात्रीचा. डावीकडचा माहीत नाही." तुझं अक्षर, लाल शाईचं.

त्यानंतर तू काय काय सांगितलंस त्यातलं निम्मं मला ऐकू आलं नाही, कारण बाबा माझ्या कानाशी नाक शिंकरत होते. ऐकू आलं ते लिहिते, चुकलं तर दुरुस्त कर. तो लाल ठिपका म्हणजे तशीच एक रिकामी जागा, पृष्ठभागापासून केसाच्या पाव जाडीएवढी खोल. तीन आठवडे शोधल्यावर सापडला. जवळजवळ सेकंदाचे दोन हजारांश भाग लक्षात ठेवतो, आणि तुमच्या साध्या खोलीच्या तापमानात हे पुष्कळ आहे. मी हसले ते त्याला नाही. मी इथे सव्वादोन वर्षं लक्षात ठेवून बसले होते आणि माझी मुलगी दोन हजारांश सेकंदांवर खूश आहे, म्हणून हसले.

चाकावर गेलं ते वेगळ्या कामाचं होतं आणि हा त्याची भरपाई नाही, हेही तू स्पष्ट सांगितलंस. बरं केलंस. मला ते बरोबर वजनात हवं होतं. प्रबंधातला तो भाग मात्र राहणार, हे मी दोनदा विचारून घेतलं.

नमुन्यावर काय काय प्रक्रिया झाली हे तुमच्या लेखात लिहावं लागतं असं तू म्हणालीस. तर लिही. तेजाबात उकळून चाकावर पैलू पाडले, घाटकोपर, मुंबई. सहदेवचं नाव आभारात यायला हवं, पूर्ण नाव, सहदेव सीताराम परब. त्याला मी आज सकाळीच सांगून आले. तो म्हणाला, "माका कशाक?" आणि मग मालनला हाक मारून तेच परत सांगायला लावलं, दोनदा. माझं नाव घालू नकोस. साबण, फोडणी आणि खोबरेल तेलाचा उल्लेख तुझ्या विवेकावर सोडते.

फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, काम झालं की खडा परत पाठवते, तो तुझा आहे. त्याचं उत्तर इथे देते, कारण तेव्हा बाबा ऐकत होते.

पोस्टाने पाठवू नकोस. श्रेयसबरोबरही नको. तो मोजे काढत नाही. तू घेऊन ये. कोंदण सहदेव सरळ करून देईल. मग चमकी कुणाच्या नाकात बसवायची ते आपण दोघी बघू. तू आधी तुझं मत लिहून उलटं ठेव, मी माझं लिहीन.

घाई नाही. प्रबंध आधी पूर्ण कर, हिवाळा तिथे काढावा लागला तर काढ. मालन म्हणाली होती चार दिवसांत बुजेल, तर बुजलेलं नाही. पाडव्याच्या दिवशी गुढी उतरवताना मी तिच्या कडुनिंबाची एक काडी तासून नाकात घातली. आता सोसायटीच्या मागे झाड आहे तिथून आणते आणि दर चार दिवसांनी बदलते. बायका विचारतात, अहो, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, नाकात काडी काय घालून फिरता? मी सांगते, जागा धरून ठेवली आहे.

आई